नोकरीचा अर्ज आणि आपली ओळख



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, धर्म असे भारदस्त विषय चालत आले आहेत. त्या पंक्तीत नोकरीच्या अर्जाला जोडावयाचा एक कागद आणून बसविल्याबद्दल काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु वाशीहून पुण्याची गाडी धरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत भाकरीच्या शेजारी हा कागद असतो. तो वाचला जातो की बाजूला पडतो, यावर त्या घराची पुढची काही वर्षे अवलंबून असतात. म्हणून त्याचा विचार चारचौघांत व्हावा असे आम्हांस वाटते.

या कागदाला आपण बायोडाटा म्हणतो. हा शब्द आपल्या घरांत नोकरीच्या वाटेने आला नाही. तो लग्नाच्या वाटेने आला. उंची, वर्ण, रास, नाडी, देवक, मामाचे कुळ, बागायत किती आणि जिराईत किती, ही त्याची कलमे. सोयरीक जुळविताना ती विचारली जातात, त्याबद्दल येथे बोलावयाचे नाही. घोटाळा पुढे होतो. मुलगा पदवीधर झाला की तोच नमुना थोडासा फिरवून तो कारखान्यात धाडतो. पहिल्या पाच ओळींत वडिलांचे नाव, त्यांचा धंदा, धर्म, जात, जन्मस्थळ, विवाहित की अविवाहित. ज्याला यंत्रावर माणूस हवा आहे किंवा हिशेब लिहिणारा हवा आहे, त्याच्या हाती पाच ओळी वाचूनही काही लागत नाही.

यात नुसता जागेचा अपव्यय होतो असेही नाही. आपल्याच विदर्भातले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून एक प्रयोग केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत खाजगी कंपन्यांच्या जाहिराती येत, त्यांना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक काय तो नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाला आणि मुसलमान नावाच्या अर्जाचा सुमारे एक तृतीयांश. अर्ज कितीही नेटका लिहिला तरी हा अन्याय त्याने धुऊन निघत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. आडनाव झाकता येत नाही आणि कोणी ते झाकावे असेही आम्ही म्हणणार नाही. पण जे विचारलेले नाही ते आपण होऊन का सांगावे? खाजगी नोकरीच्या कागदावर जात, धर्म, वडिलांची मिळकत यांना थारा देऊ नये. सरकारी भरतीचा अर्ज निराळा. तेथे जातीचा रकाना कायद्याने ठेवलेला आहे, तो हक्काचा आहे, आणि तो प्रमाणपत्र पाहून अक्षरशः बिनचूक भरावा.

दुसरी खोड जुनी आहे. निजामी अमलात कचेरीची भाषा उर्दू होती. मराठी माणसाला तेथे अर्ज करावयाचा तर अर्जनवीस गाठावा लागे. तो आपल्या ठरीव भाषेत अर्जी लिही आणि सही तेवढी आपली असे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य भारतात आले, पुढे १९६० साली मराठी राज्यही झाले. परंतु आपला अर्ज दुसऱ्याने लिहावयाचा ही सवय काही गेली नाही. आज अर्जनविसाच्या जागी झेरॉक्सचे दुकान आहे. दुकानदाराजवळ एक तयार कागद असतो, त्यात तो नाव बदलून देतो. त्यामुळे पन्नास मुलांचे ‘ध्येय’ एकाच इंग्रजी वाक्यातले, आणि पन्नासांचेही छंद वाचन व क्रिकेट. एखाद्याच्या कागदावर आधीच्या गिऱ्हाइकाचा दूरध्वनी क्रमांक तसाच राहतो. मग बोलावणे कोणाला जात असेल ते आपणच ताडावे!

सुमारे १४८२ साली इटलीत लिओनार्दो द विंची याने मिलानच्या अधिपतीकडे, लुदोविको स्फोर्झाकडे, नोकरी मागण्यासाठी एक पत्र तयार केले. त्याचा मसुदा उपलब्ध आहे. चित्रकार म्हणून जग ज्याला ओळखते, त्या माणसाने चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. आधी कलमवार सांगितले ते हे की, हलके, उचलून नेता येतील असे पूल बांधीन, तोफा करीन, वेढा पडल्यास खंदकातले पाणी काढीन. लढायांत गुंतलेल्या राजाला काय हवे, हे त्याने ओळखले होते. आपली विद्या मोठी की लहान हा प्रश्न वाचणाऱ्यापुढे नसतो. आपले काम अडले आहे ते या माणसाकडून होईल काय, एवढेच तो पाहतो. म्हणूनच जाहिरात दोनदा वाचल्याशिवाय कागदाला हात लावू नये. एकच कागद दहा ठिकाणी धाडण्यापेक्षा तीन ठिकाणांसाठी तीन वेगळे लिहावे.

“पण लिहिण्यासारखे आम्ही केले आहे काय?” असे मुले विचारतात. या प्रश्नाने आम्हांस खरोखर वाईट वाटते. भूम-वाशीचा हा मुलूख खव्याचा आहे. किती लिटर दुधाला किती किलो खवा पडला, कोणाची किती उचल झाली, कोणत्या हलवायाकडे किती बाकी आहे, हे भट्टीवरची वही ठेवणाऱ्या मुलाला तोंडपाठ असते. तोच मुलगा अर्जात ‘अनुभव : नाही’ असे लिहितो! समजा कोणी दूध संकलन केंद्रावर दोन वर्षे बसला आहे. त्याने ‘डेअरीवर काम केले’ एवढे लिहून भागत नाही. ‘रोज सकाळ-संध्याकाळ सव्वाशे उत्पादकांचे दूध मोजून फॅट तपासणे, संगणकावर नोंद करणे, दर दहा दिवसांनी हिशेब चुकता करणे,’ असे लिहिले की वाचणारा थांबतो. यात एक अक्षरही फुगविलेले नाही. आकडा मात्र खरा असावा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

आता अवघड जागेकडे येतो. आपल्या जिल्ह्यात असंख्य मुलांची तीन-चार-पाच वर्षे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गेलेली आहेत. जागा थोड्या, उमेदवार लाखांनी. वय सरू लागले की मुलगा खाजगी नोकरीकडे वळतो आणि कागदावरची ती रिकामी वर्षे त्याला खुपतात. मग कोणी ओळखीच्या दुकानाचा खोटा दाखला आणतो. हे करू नये, आणि नीतीची गोष्ट बाजूला ठेवली तरी करू नये. भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक २०१४ पासून कामगाराला जन्मभर एकच असतो. कोठे किती दिवस नोकरी केली हे त्यावरून पडताळता येते. त्यापेक्षा सरळ लिहावे : ‘२०१९ ते २०२३, राज्यसेवा परीक्षेची तयारी’. पूर्वपरीक्षा उतरला असल्यास तसे सांगावे. त्या काळात शिकवण्या घेतल्या, सोयाबीनच्या सुगीत घरची मजुरी व विक्री सांभाळली, तेही लिहावे. एका जागी बसून चार वर्षे अभ्यास करणाराकडे चिकाटी असते. मात्र ‘मी चिकाटीचा आहे’ हे वाक्य तेवढे गाळावे.

बाकीच्या गोष्टी थोड्यात उरकतो. नवशिक्याला एक पान पुरे. ताजे शिक्षण व काम वर, जुने खाली. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो, म्हणून जाहिरातीत कौशल्याचे जे नाव असेल आणि ते आपल्याला येत असेल, तर त्याच शब्दांत लिहावे. रंगीत चौकटी करू नयेत. ज्यांचे नाव ओळखीदाखल द्यावयाचे त्यांना आधी विचारावे.

भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, बँकेत तिसरेच, अशी पुष्कळींची स्थिती असते. अर्जावर प्रमाणपत्रातले नाव वर लिहावे, लग्नानंतरचे नाव कंसात द्यावे आणि विवाहनोंदणीचा दाखला अथवा राजपत्रातील नावबदलाची प्रत हाताशी ठेवावी. आणि बचत गटाच्या सचिव म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे दहा-बारा जणींची बचत, कर्ज आणि हप्ते वहीत उतरविले, बँकेत जाऊन व्यवस्थापकाशी बोलणी केली, त्यांनी ‘गृहिणी’ हा शब्द लिहून लेखणी खाली ठेवू नये. गटाचे नाव, साल, किती रकमेचे कर्ज घेतले आणि किती फेडले, हे चार ओळींत लिहावे. वही समोर ठेवूनच लिहावे, म्हणजे आकडे चुकणार नाहीत.