तांबड्या मातीचे बेट

तुमच्यापैकी कोणी कोकणात गेले आहे का? तिथली तांबडी माती पायांना लागली, की लवकर निघत नाही. अशाच तांबड्या मातीच्या एका दूरच्या बेटाची गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे.

कॅनडा देशाच्या पूर्वेला समुद्रात हे बेट आहे. त्याचे नाव प्रिन्स एडवर्ड आयलंड. कॅनडा केवढा अवाढव्य देश! पण त्याचा हा प्रांत मात्र आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडासाच मोठा. तिथले मूळ रहिवासी मिगमाव लोक. लाटांवर पहुडलेली भूमी, अशा अर्थाचे नाव त्यांनी या बेटाला दिले आहे.

१७६५ साली इंग्रज सरकारच्या मोजणीदाराने बेटाचे तीन भाग पाडले. इंग्लंडमधल्याप्रमाणे त्यांना काउंटी म्हणतात. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. एक राजपुत्राची, एक राणीची आणि एक राजाची! पण तिथे राजवाडे शोधू नका. दिसतील ती शेते, कुरणे, कोळ्यांच्या होड्या आणि लहान लहान गावे. डोंगर तर नाहीतच. सर्वांत उंच टेकडीसुद्धा दीडशे मीटर भरत नाही.

इथली माती तांबडी का? लोखंडी खिळा पाण्यात भिजला, की त्यावर तांबडा गंज चढतो ना? या मातीतही लोह आहे. म्हणून ती तांबडी. ही भुसभुशीत माती बटाट्याला फार मानवते. पूर्वी बटाटे काढायच्या दिवसांत इथल्या कित्येक शाळांना सुट्टी देण्याची रीत होती.

पण मित्रांनो, भुसभुशीत माती लवकर वाहूनही जाते. बटाटे काढले, की शेत उघडे पडते. जोराचा पाऊस आला, की ओढे लालभडक होतात. शेताची माती समुद्राला मिळते. माशांनाही त्याचा त्रास होतो.

मग लोकांनी काय केले? कायदाच केला. एका शेतात तीन वर्षांतून एकदाच बटाटा लावायचा. मधल्या काळात शेतकरी धान्य किंवा गवत पेरतात. गवताची मुळे माती धरून ठेवतात. ओढ्याकाठची पंधरा मीटर जमीनही नांगरायची नाही.

समुद्रही जमीन खातो. २०२२ साली फिओना नावाचे वादळ आले. एका रात्रीत किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या ढासळल्या. या टेकड्यांची वाळू एक साधे गवत धरून ठेवते. पायांखाली तुडवले, की ते मरते. म्हणून तिथे लोकांना चालायला फळ्यांची वाट केली आहे.

बालमित्रांनो, पावसाळ्यात आपल्या गावचा ओढा पाहा. पाणी गढूळ दिसले, तर समजा, कोणाच्या तरी शेताची माती चालली आहे. ती अडवायला बांधावर काय लावता येईल, हे घरी आजोबांना नक्की विचारा.