लांबणीवर पडलेला निर्णय

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्याकडील प्रवेशाची रीत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. गुण जाहीर होतात, यादी लागते, पहिल्या यादीत नाव नसले तर दुसऱ्या यादीची वाट पाहावयाची. अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत अशी यादी लागत नाही. तेथे गुणांबरोबर निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि विद्यार्थ्याचे इतर कार्य यांचा एकत्रित विचार होतो. बारावीनंतर तेथे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांना म्हणूनच ही पद्धत अनोळखी वाटते. तिच्यातील एका शब्दाविषयी आज मी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘डिफर्ड’.

गतवर्षी डिसेंबरात आमच्या घरी हा शब्द आला. तिकडची सायंकाळ म्हणजे आपली पहाट. माझी पुतणी साडेपाच वाजता संगणकासमोर बसली होती, मागे आम्ही सारे उभे. पत्र उघडले आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या वडिलांनी विचारले, “म्हणजे नापास झालीस का?” त्या प्रश्नात राग नव्हता, अज्ञान होते, परंतु पुढील दोन दिवस मुलगी कोणाशी बोलली नाही. अन्य महाविद्यालयांचे अर्ज जानेवारीच्या आरंभी पाठवावयाचे होते, ते तसेच पडून राहिले.

प्रथम पद्धत समजून घेऊ. लवकर अर्ज करण्याचे मुख्य प्रकार दोन. ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक असतो. असा अर्ज एकाच महाविद्यालयाकडे करता येतो. विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक करारावर सही करतात आणि प्रवेश मिळाल्यास बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये उत्तर लवकर मिळते, पण बंधन नसते, होकार कळविण्यास सामान्यतः १ मेपर्यंत अवधी असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन येथील प्रकार बंधनकारक नाही, मात्र त्याच वेळी अन्य खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करण्यावर मर्यादा असते. अर्जाची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर असते आणि बंधनकारक अर्जांचे निकाल साधारणतः डिसेंबरच्या मध्यास लागतात.

निकाल तीन प्रकारचा असतो : प्रवेश, नकार किंवा डिफर. डिफर याचा अर्थ इतकाच की, समितीने आज होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. अर्ज नियमित फेरीतील अर्जांबरोबर पुन्हा वाचला जाईल आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास उत्तर मिळेल. ही प्रतीक्षा यादी नव्हे. प्रतीक्षा यादी नियमित निकालाच्या वेळी लागते आणि जागा रिकाम्या राहिल्या तरच पुढे सरकते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंधनकारक अर्ज डिफर झाला की ते बंधन संपते. मग विद्यार्थी कोठेही जाण्यास मोकळा असतो.

ज्याची ऐपत बेताची आहे, त्या पालकाने हे विशेष लक्षात ठेवावे. बंधनकारक प्रवेशात निरनिराळ्या महाविद्यालयांनी देऊ केलेल्या आर्थिक साहाय्याची तुलना करता येत नाही. मिळणारे साहाय्य अपुरे ठरले तर करारातून मुक्त होता येते हे खरे. पण खर्चाचा हिशेब सहीपूर्वीच मांडलेला बरा. या पद्धतीचा लाभ सुस्थितीतील घरांना अधिक होतो, ही टीका अमेरिकेतही झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ या ग्रंथाने लवकर अर्ज करणाऱ्याची संधी लक्षणीय वाढते, असे दाखवून दिले. २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी लवकर प्रवेश बंद करण्याचे ठरविले. २०११ साली दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. सारांश, व्यवस्था आपल्या सोयीने बदलते. मुलाची योग्यता तिच्यावरून मोजू नये.

डिफर झाल्यावर काय करावे? पत्र शांतपणे पूर्ण वाचावे. काही महाविद्यालये एखादा फॉर्म भरून घेतात, काही अधिक कागद पाठवू नका असे स्पष्ट सांगतात. जे सांगितले असेल तेच करावे. सहामाहीचे गुण शाळेमार्फत वेळेवर पाठवावेत. परवानगी असेल तर एक लहानसे पत्र लिहावे : आपली इच्छा कायम आहे आणि मधल्या काळात अमुक नवे घडले. अर्जातील मजकूर पुन्हा लिहू नये, ओळखीपाळखी शोधत फिरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, उरलेले अर्ज त्याच आठवड्यात मनापासून पूर्ण करावेत. अतिशय मागणी असलेल्या ठिकाणी डिफर झालेल्यांपैकी थोड्यांनाच पुढे प्रवेश मिळतो. आशा ठेवावी, परंतु तिच्या भरवशावर हात बांधून बसू नये. बारावीची परीक्षाही तोंडावर असते, हे विसरून चालणार नाही.

आमच्या घरी तिसऱ्या दिवशी वडीलच मुलीजवळ जाऊन बसले. “मला यातले काही कळत नाही, तू समजावून सांग,” असे ते म्हणाले. सांगता सांगता तिला स्वतःलाच धीर आला. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात तिने पाच अर्ज पुरे केले. मार्चअखेर त्या पहिल्या महाविद्यालयाचा नकारच आला. मात्र त्या पाचांपैकी एकाने प्रवेश दिला, साहाय्यही दिले, आणि आज ती तेथे आनंदाने शिकत आहे. ते दोन दिवस आणखी लांबले असते तर हा दरवाजाही बंद झाला असता.

पालकहो, निर्णय लांबणीवर टाकणे महाविद्यालयाच्या हाती आहे. त्या पहाटे आपल्या तोंडून निघणारे पहिले वाक्य मात्र आपल्या हाती आहे. ते विचारपूर्वक निघावे, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.