घरची भाजी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बागवान हे आडनाव बारामती-इंदापूरच्या बाजाराला नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या फळे-भाजी विकणारी ही मंडळी. शब्दाचा मूळ फारसी अर्थ मात्र 'बाग राखणारा' असा आहे. आज तराजू आपल्या हाती राहिला, बाग सुटली. गावात जागा नाही, मग भाजी लावायची कुठे, असे आपण विचारतो. त्याला तेलाचा एक रिकामा डबा पुरे.

डब्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडा. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत भरा. स्वयंपाकघरातली मूठभर मेथी रात्री भिजत घालून सकाळी पेरा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतील आणि महिन्याभरात भाजी खुडता येईल. धने हलके रगडून, दोन फाकी करून पेरले तर आठ-दहा दिवसांत उगवतात. मावा पडला तर 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा आणि गाळून फवारा.

आपला मुलूख कमी पावसाचा. नीरा डाव्या कालव्याने शिवार हिरवे केले. तरी कालव्याच्या शेवटाला पाण्याची वाट पाहणे काय असते, हे इंदापूरच्या शेतकऱ्याला विचारा. म्हणून नळाचे पाणी ओतू नका. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी या डब्याला पुष्कळ झाले.

यातून महिन्याचा बाजार सुटेल, असे मी म्हणणार नाही. लाभ निराळा आहे. स्वतः पेरलेली मेथी मूल ताटात टाकत नाही. वाटीभर कोथिंबीर शेजारी पाठवण्याचा आनंद विकतच्या जुडीत नाही. आणि वर्गात मागे पडलेल्या, घरीदारी बोलणी खाणाऱ्या मुलाला आपल्या हातून काही उगवले हे डोळ्यांनी दिसते. गुणपत्रकाने खचलेल्या मुलाला त्याचा फार मोठा आधार होतो.

तेव्हा पालकहो, एक डबा मुलाच्या आणि एक मुलीच्या नावाने ठेवा. पाणी त्यांनाच घालू द्या. रोप वाळले तर रागावू नका, पुन्हा पेरायला लावा. विद्यार्थी मित्रांनो, पहिली जुडी अम्मीच्या हातात द्या आणि तिचा चेहरा पाहा.