पायडल जोरात कुठे मारतेस?

(मुर्री येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी माझी ओळख करून दिली तेव्हा मागच्या रांगेत कोण हसलं ते मी पाहिलंय. हसायला हरकत नाही. इथल्या निम्म्या लोकांनी मला नाक पुसत फिरताना पाहिलेलं आहे. मी याच गावची. इथून गोंदियाला शाळेत सायकलने जायची. अब्बांची जुनी काळी सायकल, सीटवर बसलं की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून थांबायचं असलं की आधी एखादा दगड शोधावा लागायचा.

आज मला त्या रस्त्याबद्दल बोलायचंय. गोष्ट २००३ सालची, मी आठवीत होते. डांबरी रस्त्यावर ट्रक धावतात म्हणून अम्मीने सांगितलं होतं, पांदणीने जा. तिचं काही चुकलं नाही. रोवणीचे दिवस होते. पांदणीच्या दोन्ही अंगांना बांध्यांमध्ये बाया वाकलेल्या, गाणी चाललेली, कुणीतरी हाक मारायचंच, ‘चालली का गं शाळेत?’ मग रोवणी संपली. धान कमरेएवढं वाढलं आणि पांदणीवर माणूस दिसेना. रस्ता तोच होता, पण महिनाभरात तो दुसराच झाला.

त्याच सुमाराला एक मोटारसायकलवाला भेटायला लागला. पहिल्या दिवशी पुढे निघून गेला. दुसऱ्या दिवशी मागे राहिला. नंतर सायकलच्या बरोबरीने हळूहळू चालवत नाव विचारलं. मी सांगितलं नाही. आठवड्याने त्याने मला नावाने हाक मारली. म्हणजे त्याने कुणाला तरी विचारलं होतं, आणि कुणीतरी सांगितलंही होतं. त्याने हात लावला नाही. कुणी विचारलं असतं तर ‘काही झालं नाही’ असंच मी म्हणाले असते. तीन महिने मी कुणालाच सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? कारण आमच्या ओळखीच्या एका मुलीने सांगितलं होतं. तिच्या घरचे फार चिडले. तिच्यावर नव्हे, त्या माणसावर. आणि तिच्यावरच्या मायेपोटीच म्हणाले, ‘कल से साइकिल बंद.’ सायकल बंद झाली, मग शाळा, मग दोन वर्षांत लग्न. मला बीजगणित आवडायचं. तेव्हा मी समीकरण मांडलं: सांगितलं तर शाळा जाते, नाही सांगितलं तर नुसती भीती वाटते. तेरा वर्षांच्या मुलीने केलेला हा हिशोब मी आजही तपासून पाहते. त्यातली चूक सापडत नाही. चूक होती ती आम्हा मुलींसमोर ठेवलेल्या दोन पर्यायांत.

शेवट कसा झाला तेही सांगते. कापणी सुरू झाली. धान कापणाऱ्या एका बाईने त्याला माझ्यामागे येताना पाहिलं. ती हातात विळा तसाच धरून बांधीतून वर आली, पांदणीत मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, ‘कोणाकडे आला बा?’ एवढंच. तो परत दिसला नाही. त्या मावशीचं नाव मला आजही ठाऊक नाही.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मला याचा दुसरा अर्थ कळला. आमच्या कामात कधीतरी एखादी यंत्रणा मध्यरात्री बंद पडते. चांगल्या टीममध्ये तेव्हा ‘कुणी केलं’ असं आधी विचारत नाहीत, ‘कसं झालं’ असं विचारतात. कारण चूक कळवणाऱ्यालाच शिक्षा झाली तर पुढची चूक कुणी कळवत नाही. चुका होतच राहतात, फक्त दिसेनाशा होतात. आपल्या घरांत नेमकं हेच चाललंय. मुलगी सांगते आणि किंमत तीच मोजते.

म्हणून स्वसंरक्षणाचे धडे, शिट्टी, मिरचीपूड यांच्या आधी घरात एक गोष्ट बोलून ठेवायला हवी. काही घडल्यावर नव्हे, आजच. ‘तू काहीही सांगितलंस तरी सायकल काढून घेणार नाही, शाळा बंद होणार नाही. रस्ता बदलू, वेळ बदलू, कुणी सोबत येईल.’ हे वाक्य अब्बांच्या तोंडून आलं तर त्याचं वजन वेगळं पडतं. आणि इथे बसलेल्या भावांनो, तुम्हालाही सांगते. बहिणी तुम्हाला सांगत नाहीत, कारण तुम्ही ऐकल्या क्षणी दोन मित्रांना घेऊन गाडीला किक मारणार हे त्यांना माहीत असतं. मग मारामारी, मग गावभर चर्चा, मग पुन्हा तेच, सायकल बंद. आधी पूर्ण ऐका. मग तिलाच विचारा, आता काय केलेलं तुला बरं वाटेल?

पण मुलं आपण होऊन सांगत नाहीत. ‘रस्त्यात भीती वाटते का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही.’ मी माझ्या भाचीला वेगळं विचारलं. ती सातवीत आहे. कागद दिला, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगितलं आणि विचारलं, ‘तू पायडल जोरात कुठे मारतेस?’ तिने विचारही न करता दोन जागी पेन्सिल टेकवली. मला वाटलं होतं तलावाच्या पाळीजवळची जागा असेल, तिथे बेशरमाची झाडी माणसापेक्षा उंच झालीय. ती एक होतीच. पण दुसरी जागा वस्तीला लागून होती, भरपूर वर्दळीची. तिथे एक जण रोज बसलेला असतो. घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तिला चॉकलेट देतो.

हे ऐकून मी गार पडले. आपण मुलांना शिकवतो की अनोळखी माणसाशी बोलू नका. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की पॉक्सोखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. म्हणजे शिकवायचं ते माणूस ओळखीचा आहे की नाही हे नव्हे, तो काय करतोय हे. एकटीलाच थांबवतो का? ‘घरी सांगू नको’ म्हणतो का? नको म्हटल्यावरही वस्तू देतो, गाडीवर बस म्हणतो का? यातलं काहीही झालं तर तो चाचा असो, सर असो की मौलाना, तिथून निघायचं आणि घरी सांगायचं. मोठ्यांशी बेअदबी होईल या धाकाने आपली मुलं गप्प राहतात. इथे बेअदबी माफ आहे, हे आपणच त्यांना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

निर्जन जागा मात्र वेगळी पाहावी लागते, आणि ती घड्याळाप्रमाणे बदलते. एक साधी गोष्ट सांगते. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला गोंदियात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो. मुंबईत तेव्हा सहा वाजत आलेले असतात. आपण पूर्वेच्या टोकाला आहोत, घड्याळ मात्र सगळ्यांचं एकच. शाळा पाचला सुटली, जादा तास लागला, सायकलची हवा गेली, की पोरगी अंधारात. मुंबईतल्या कुणाला हे सुचणार नाही. आपल्याला सुचायला हवं. हिवाळ्यात दहावीचा जादा तास सकाळी घ्या म्हणून शाळेकडे अर्ज देणं हेही बालसुरक्षेचं काम आहे. त्यावर फोटो काढता येत नाही, म्हणून ते राहून जातं.

रस्त्यात प्रत्यक्ष काय करायचं? मुलांशी हे खेळासारखं करून बघा, नुसतं सांगू नका. मोटारसायकल मागे लागली तर पुढे पळण्यापेक्षा सायकल वळवून उलट दिशेला जावं. अरुंद पांदणीत गाडी वळवायला त्याला वेळ लागतो. कुणी अडवलं तर सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये टाकायची आणि धुऱ्यावरून पळायचं, माणसं असतील तिकडे. दप्तर टाकायचं, सायकलही टाकायची. सायकल गेली म्हणून रागावणार नाही, हेही आधी सांगितलेलं हवं, नाहीतर पोरं सायकलला चिकटून राहतात. ओरडताना ‘हा माणूस माझा कोणी नाही’ असं ओरडायचं, कारण नुसतं रडणं ऐकून लोकांना वाटतं बाप रागावलाय. आणि रस्त्यातली तीन ठिकाणं पाठ असावीत, जिथे दिवसभर माणूस असतो: किराणा दुकान, राईस मिल, अंगणवाडी. त्या माणसांना आपण आधी जाऊन भेटायचं.

मुलग्यांबद्दल वेगळं बोलत नाहीये कारण यातलं सगळं त्यांनाही लागू आहे. पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे, मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. ‘मर्द है, रोता क्या है’ हे ऐकलेला मुलगा तर मुलीपेक्षाही कमी सांगतो.

मला हमखास विचारतात, ‘तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, एखादं ॲप बनवा ना.’ नाही बनवणार. मुलगी कुठे आहे हे ॲप सांगेल. पण तिथे पोचणार कोण? आणि एखादी मुलगी रोज किती वाजता कुठल्या निर्जन रस्त्याने जाते, याची नोंद कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहणं हाच एक धोका आहे. शिवाय आपल्याकडे असं ॲप सहा महिन्यांत मुलींवर पाळत ठेवायला वापरलं जाईल, हे तुम्हालाही माहीत आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. लैंगिक हेतूने एखाद्या मुलाचा वारंवार पाठलाग करणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे माझ्या वेळचं ‘काही झालं नाही’ हे आज ‘काहीतरी’ आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि पोलीस गणवेशात नसावेत. मुलाची ओळख वर्तमानपत्रात किंवा वाहिनीवर उघड करणं गुन्हा आहे, त्यामुळे बदनामीची भीती घालणाऱ्याला हे कलम दाखवा. १०९८ आणि ११२ हे दोन नंबर मुलांना तोंडपाठ हवेत. शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय २०२२चा आहे. आपल्या मुलांच्या शाळेत त्या समितीत कोण आहे, हे उद्या जाऊन विचारा.

एकटी सायकल आणि दहा सायकली यांत फार फरक असतो. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. सगळ्यांना एकाच वेळी सायकली मिळाल्या, म्हणून मुली घोळक्याने निघायला लागल्या. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या, त्यात रूढीप्रिय मुस्लिम घरांतल्या तरुणीही होत्या, हे पी. साईनाथांनी लिहून ठेवलंय. टोमणे त्यांनाही बसले. पण शंभर जणींना टोमणे मारून टोमणे मारणारा थकतो. आपल्या जिल्ह्यातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. सायकल आली, पण प्रत्येक पोर आपापल्या वेळी एकटीच निघते. मोहल्ल्यातल्या आणि शेजारच्या टोलीतल्या पोरींना एका वेळी, एका जागेवरून निघायला लावा. उर्दू शाळा, मराठी शाळा, कुठलीही असो, अर्धा रस्ता तर एकच आहे.

त्या चॉकलेटवाल्याचं काय झालं, असं मघाशी एकाने चिठ्ठीतून विचारलंय. भाचीची सायकल चालू आहे. तिच्या अब्बांनी तिला विचारून ठरवलं. ते स्वतः जाऊन त्या माणसाशी शांतपणे, चार लोकांसमोर बोलले. शाळेतल्या बाईंनाही सांगितलंय. पुढे काही झालं तर तक्रार करायची हे घरात ठरलेलं आहे, आणि हे भाचीला माहीत आहे.

आता भाषण पुरे. साडेतीन वाजलेत. तलावाच्या पाळीजवळची बेशरम आज तोडायची आहे, ग्रामपंचायतीला कळवलंय. विळे बारा आहेत, हातमोजे सातच. बेशरमाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. साडेपाचला अंधार पडतो, त्याआधी परतायचंय.