आमची खेळणी, आमचा खाऊ



आज मी खेळण्यांविषयी आणि खाऊविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "हा काय मोठ्या माणसांचा विषय झाला?" पण जरा ऐका. पोरांच्या खेळात सगळं गाव दिसतं. गावात काय पिकतं, कोणतं झाड वाढतं, हातात पैसा किती आहे, हे सारं त्यात कळतं.

आज नवी मुंबई म्हटली की उंच इमारती आणि रुंद रस्ते डोळ्यांपुढे येतात. आमच्या लहानपणी इथं शहर नव्हतं. वाशी, तुर्भे, घणसोली, नेरूळ, बेलापूर ही आगरी-कोळ्यांची गावं होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये भातशेती आणि मिठागरं. खेळणी विकत घ्यायला पैसे कुणाकडे होते? आमची खेळणी आम्हीच करत होतो.

पाऊस पडला की उकिरड्यावरच्या आंब्याच्या कोयींना कोंब फुटत. अशी कोय उचलायची. वरचं कवच काढायचं. आतल्या गराचं एक टोक दगडावर घासायचं. मग फुंकायचं. झाली पिपाणी! उन्हाळ्यात ताडगोळे खायचे. उरलेली दोन फळं काठीच्या दोन टोकांना बसवायची, की गाडी तयार. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं. ते कोरून होडी करायची आणि ओहोळात सोडायची. याच पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी सावंतवाडीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या करत आले. तिथली चितार आळी त्यासाठी प्रसिद्ध आहे.

मुलींचे सागरगोटे आठवतात का? काटेरी वेलीचं ते राखी रंगाचं, कठीण बी. ते समुद्राच्या पाण्यावर तरंगतं, लांब वाहत जातं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर रुजतं. एक सागरगोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे. हात आणि नजर दोन्ही तयार होत.

आता विटीदांडू घ्या. आपण मोजताना म्हणत होतो, "वकट, लेंड, मूंड, नाल." हे शब्द कुठले? तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. पाहा, जुळतात की नाही! शाळेचं तोंड न पाहिलेली पोरंसुद्धा खेळता खेळता परमुलखाचे आकडे बोलत होती.

विकतचा खाऊ मिळे तो गावदेवीच्या जत्रेत. रेवड्या, बत्तासे, कुरमुऱ्यांचे लाडू, आणि म्हातारीचे केस. भोवराही तिथलाच. त्याची लोखंडी आर घासून टोकदार करायची आणि जाळी गुंडाळून जोरात फेकायचा.

खाऊबरोबर हिशोबही शिकावा लागला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे ६ नवे पैसे धरत. पण चार आण्यांचे २५ होत. चार वेळा सहा म्हणजे चोवीस. म्हणजे एकेक आणा सुटा मोडला तर एक पैसा गेला! चार पोरांनी आणे एकत्र केले तर तो पैसा वाचे. एकीचं बळ आम्हांला असं समजलं.

सर्वांत मोठी नवलाई म्हणजे गोटी सोडा. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी. ती आत गेली कशी? बाहेर का येत नाही? आम्हांला मोठं कोडं होतं. ही बाटली हिराम कॉड या इंग्रज माणसानं १८७२ साली काढली. आधी गोटी आत घालून मग गळा अरुंद करतात. आत भरलेला वायू गोटीला वर रेटतो. ती रबराच्या कड्यावर घट्ट बसते आणि तोंड बंद होतं. बोटानं गोटी दाबली की फुस्‌ आवाज होतो. त्या आवाजासाठीच आम्ही सोडा मागत होतो.

पण मंडळी, जुनं ते सगळं सोनं नव्हतं. मिठागरावर आईबापांबरोबर राबणारी पोरं होती. त्यांना कसला भोवरा आणि कसला खाऊ! जत्रेतल्या खाऊवर माश्या बसत आणि त्यातला रंग कसला, हे कुणी विचारत नव्हतं. रंगाची भीती आजही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडू सरकारांनी म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, कारण त्यात कापड रंगवायचा रोडामाईन-बी हा रंग सापडला. तो अंगाला घातक आहे. म्हणून भडक गुलाबी खाऊ पोरांना देऊ नका.

पुढे काय झालं, ते तुम्ही जाणताच. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. १९७३ साली खाडीवर पूल झाला. १९९२ साली वाशीला रेल्वे आली. दवाखाने, शाळा, नोकऱ्या आल्या, हे खरं. पण शेतकऱ्याला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले.

जमिनीचा मोबदला मागता आला, कारण तिचा सात-बारा होता. खेळाच्या जागेचा सात-बारा नव्हता. भात कापलं की रिकामं शेत हेच पोरांचं मैदान. शेत गेलं, मैदानही गेलं. ताड गेला, गाडी गेली. वस्तू गेली की तिचं नावही जिभेवरून जातं. आज नातवाला "आर" आणि "जाळी" म्हटलं तर तो तोंडाकडे बघत राहतो.

यावर काय करावं? तीन कामं सांगतो.

पहिलं काम. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. वहीच्या एका पानावर तुमच्या लहानपणच्या दहा खेळांची नावं लिहा. घरात जो शब्द बोलत होता, तोच लिहा. पुस्तकी शब्द शोधू नका.

दुसरं काम. येत्या पावसाळ्यात एक कोय घ्या आणि नातवंडाला पिपाणी करून दाखवा. पैसा लागत नाही. पोरगं मोबाईल बाजूला ठेवून हात चालवील.

तिसरं काम. गावठाणात पोरांना खेळायला जी मोकळी जागा उरली असेल, ती राखा. तिथं गाड्या लावू देऊ नका, टपऱ्या बसू देऊ नका. जागेसाठी अर्ज करायचा झाला, तर आता दुसऱ्याकडून लिहून घ्यायला नको. अर्ज स्वतः लिहा आणि खाली अंगठा न उठवता सही करा.