आधी थांबायचं, मग पळायचं
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवातल्या व्याख्यानाला आपल्याकडे संतवाङ्मय, आरोग्य, गुंतवणूक असे विषय असतात. यंदा कार्यकारिणीने मला जुन्या मोटारीवर बोलायला सांगितलं, कारण कोइमतूरच्या आपल्या निम्म्या मराठी घरांतली पोरं गेली दोन वर्षं माझ्या कंपाउंडमध्ये पडीक असतात. तिथे एक मारुती एस्टीम उभी आहे. आत ड्रायव्हरचं एकच सीट, बाकी सगळा लोखंडी पिंजरा. पोरं खूश आहेत, पण त्यांच्या आया मला विचारतात, "काका, या मुलांना वेगाचं वेड लावायचं काही कारण होतं का?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

आधी हे सांगतो, की जुनी रस्त्यावरची गाडी घ्यायची आणि घरच्या घरी ती शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार करायची, हा उद्योग आमच्या डोक्यातून निघालेला नाही. १९४८ साली लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने १९२८ सालची ऑस्टिन सेव्हन ही साधी घरगुती गाडी घेतली आणि एका छोट्या गॅरेजमध्ये तिची स्पर्धेची गाडी बनवली. तीच पहिली लोटस. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेनने मुलगा असताना वडिलांबरोबर अशीच एक जुनी ऑस्टिन सेव्हन उभी केली. फॉर्म्युला वनमध्ये पुढे गाजलेल्या या दोन नावांची सुरुवात भंगाराच्या भावात मिळालेल्या गाडीतून झाली.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्याच कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन बसवून एका सीटची शर्यतीची गाडी बनवली. परदेशी गाडी परवडत नाही ना, मग इथे मिळतं त्यातून बनवू, हा हिशेब. १९९५ साली ते अकाली गेले. चेट्टिपाळयमचा ट्रॅक त्यांच्या नावाने आहे. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, आपल्या गावचा नारायण कार्तिकेयन, याने सुरुवात फॉर्म्युला मारुतीतूनच केली. तेव्हा हे वेड असलंच तर ते इथल्या मातीतलं आहे.

आता आमच्या गाडीची गोष्ट. माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरातली एस्टीम दारात धूळ खात होती. ते मॉडेल बंद झालं २००७ साली. १२९८ सीसी, सोळा व्हाल्व्ह, ८५ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ८७५ किलो, म्हणजे हलकी आणि चपळ गाडी. तो म्हणाला, "काका, सायलेन्सर बदलू, इंजिन वाढवू, आणि रात्री बायपासला काढू." मी म्हटलं, "गाडी तुझी. पण तिला एकच घर मिळेल. रस्ता तरी, नाहीतर ट्रॅक तरी."

हे मी काकाच्या हट्टाने बोललो नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. सरकारच्या परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा तर कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा. म्हणून आम्ही पहिलं काम केलं ते आर.टी.ओ.त जाऊन गाडीची नोंदणी रद्द करण्याचं. नंबरप्लेट उतरली तेव्हा पुतण्याचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दिवसापासून ती गाडी कंपाउंडच्या फाटकाबाहेर स्वतःच्या चाकांवर गेलेली नाही. ट्रॅकवर नेताना ती फ्लॅटबेडवर चढवून नेतो.

मग काम सुरू झालं. आपल्या मंडळात विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना हे काम लगेच कळेल, कारण ट्रॅकची गाडी करणं म्हणजे आधी हीण काढणं. मागचं सीट, गालिचे, दारांच्या आतले पत्रे आणि अस्तर, एसी, स्टेपनी, जॅक, पत्र्याला चिकटवलेला डांबराचा थर, सगळं काढलं. निघालेली प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून वहीत लिहिली. एकूण ११८ किलो भरलं. पुढे पिंजरा, शर्यतीचं सीट, आग विझवण्याचं नळकांडं वगैरे मिळून ४८ किलो परत आत गेलं. निव्वळ घट ७० किलो. हिशेब केला तर हा फायदा इंजिनमध्ये सात अश्वशक्ती वाढवण्याइतका आहे. शिवाय वाढलेली अश्वशक्ती फक्त पळताना कामाला येते, कमी झालेलं वजन पळताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळा कामाला येतं.

दुसरं काम ब्रेकचं. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, हे आपण सगळे शाळेत शिकलो आणि विसरलो. ड्रायव्हरसकट ९०० किलोची गाडी ताशी १२० वरून ६० वर आणली, तर जी उष्णता तयार होते तिने एक लिटर पाणी नव्वद अंशांनी तापेल. म्हणजे नळाच्या पाण्याला उकळी फुटून वर शिल्लक राहील. एवढी उष्णता एका ब्रेकला, काही सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत अनेकदा होतं. रस्त्याच्या गाडीचे पॅड दोन-तीन फेऱ्यांत धूर काढायला लागतात. त्यापुढची गोष्ट जास्त घातक. ब्रेकचं ऑईल हवेतलं पाणी शोषतं. साधं डॉट थ्री ऑईल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० पर्यंत खाली येतो. ऑईल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. गाडी मात्र थांबत नाही. म्हणून जास्त तापमान सोसणारे पॅड, नवं ऑईल, आणि पुढच्या बंपरच्या भोकातून डिस्कपर्यंत हवा नेणारा पाईप, हे सगळं इंजिनला हात लावण्याआधी झालं.

तिसरं काम वळणाचं. चांगले टायर, कडक स्प्रिंग, घट्ट बुश, आणि चाकांचा कोन असा की वळताना टायर पूर्ण रुंदीने जमिनीला धरेल. इथे एक गंमत लक्षात घ्या. टायरची पकड वाढली की लांब वळणावर सम्पमधलं ऑईल एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो. काही क्षण जरी असं झालं तरी बेअरिंग जातं. त्यावर उपाय म्हणजे सम्पमध्ये आडवे पत्रे वेल्ड करून ऑईलला अडवायचं. मोटारीत एक गोष्ट सुधारली की दुसरी उघडी पडते, हे पोरांना पुस्तकापेक्षा त्या पत्र्यांनी जास्त शिकवलं.

चौथं काम पिंजऱ्याचं. याला बिनजोड कोल्ड ड्रॉन स्टीलची नळी लागते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि दोन जाडीची. पाण्याचा पाईप वाकवून चालत नाही. तो जोडावर फाटतो. पाय जिथे पत्र्यावर टेकतात तिथे तीन मिलिमीटरच्या पट्ट्या आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट. इथेच रस्ता आणि ट्रॅक यांची कायमची फारकत होते. हेल्मेट आणि सहा टोकांचा पट्टा असेल तर हा पिंजरा जीव वाचवतो. तीच गाडी कोणी हेल्मेटशिवाय रस्त्यावर काढली, तर किरकोळ धडकेतही डोकं त्या नळीवर आपटतं. ट्रॅकवर जे कवच आहे, ते रस्त्यावर हातोडा होतं.

आणि इंजिन? ते शेवटी. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे सील आणि रेडिएटर नवे. अश्वशक्ती एकानेही वाढवली नाही. पुतण्या सहा महिने रुसला होता. आजही तिथे जवळपास मूळच्याच ८५ आहेत, आणि त्या त्याला पुरून उरतात.

या सगळ्यात आपल्या गावाचे उपकार फार. पंप, मोटारी, ग्राइंडर आणि ओतकामाच्या या गावात लेथवाला शोधावा लागत नाही, निवडावा लागतो. आमचे लेथवाले अण्णा पोरांना मराठी-तमिळ अशा दोन्ही भाषांत रागावायचे. "नट आवळला" असं कोणी सांगितलं तर विचारायचे, "टॉर्क रेंचने की अंदाजाने?" आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारायची सवय त्यांनीच लावली. रेघ सरकली की बोल्ट हलला, हे लांबूनही दिसतं. खंडेनवमीला त्यांच्याकडच्या आयुधपूजेत आमची पान्यांची पेटीही असते.

खर्चाचंही सांगतो, कारण तेही आयांना हवं असतं. शंभर रुपये खर्च झाले असतील तर साठ रुपये ब्रेक, पिंजरा, सीट, पट्टे आणि हेल्मेट यांवर गेले. हेल्मेटसुद्धा मोटारशर्यतीचं, आतलं अस्तर आगीला दाद न देणारं. मोटारसायकलचं चालत नाही. वर्ष-दीड वर्ष या मुलांचा खाऊचा आणि सिनेमाचा पैसा असल्या वस्तूंत गेला, ज्या वस्तू गाडीला एक किलोमीटरनेही जास्त पळवत नाहीत.

ट्रॅकवर गेल्यावर पहिल्या दिवशी तपासनीसांनी गाडी खालून-वरून पाहिली आणि मुलांना झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडू नका. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबा. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येते आहे, तिला जाऊ द्या. वीस वर्षांच्या मुलाने दुसऱ्याला वाट देण्यात कमीपणा मानायचा नाही, हे त्या निळ्या झेंड्याने एका दुपारी शिकवलं. घरात आम्ही ते किती वर्षं सांगत होतो!

तिसऱ्या खेपेला पावसाची सर आली. एका वळणावर मागची चाकं सुटली, गाडी दीड फेरा फिरली आणि चिखल उडवत ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत थांबली. मी कठड्याशी उभा होतो, पोटात गोळा आला. पण तिथे झाड नव्हतं, दुभाजक नव्हता, समोरून लॉरी नव्हती, कडेने चालणारं कोणी नव्हतं. पिवळा झेंडा वर गेला, बाकीच्यांनी वेग कमी केला. पुतण्याने गाडी पुन्हा सुरू केली आणि सावकाश पिटमध्ये आणली. गाडीतून उतरल्यावर बराच वेळ गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "काका, हे बायपासला झालं असतं तर?" मी काहीच बोललो नाही, बोलायची गरज नव्हती.

आकडा ऐका. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी नोंदीप्रमाणे त्यातल्या दर दहांतली सात अतिवेगामुळे. गेलेली सगळीच काही वेग घेणारी नव्हती. पायी चालणारी होती, दुचाकीवरून कामाला निघालेली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ताई-वहिनींनो, वेगाचं वेड मी लावलं नाही. ते या वयाबरोबर येतं. तुमच्या-माझ्या ओरडण्याने ते जात नाही, फक्त रात्रीच्या अंधारात बायपासवर जाऊन लपतं. मी एवढंच केलं, त्या वेडाला हातात पाना दिला, काटा आणि वही दिली, आणि अट घातली की थांबण्याची सोय होईपर्यंत पळायचं नाही. ज्याने ब्रेकचं ऑईल उकळताना पाहिलं आहे, तो मुलगा तुमच्या स्कूटरवर बसल्यावर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो. ज्याला ताशी १२० काय असतं ते ट्रॅकवर कळलं, त्याला रस्त्यावर ६० पुरतात. हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

मुलांनाही एक सांगणं आहे. बाप्पा विघ्नहर्ता खराच, पण हेल्मेटचा पट्टा आपला आपणच बांधायचा असतो. कोणाला गाडीचं काम शिकायचं असेल त्याने रविवारी सकाळी या. पहिले तीन महिने फक्त खोलायचं, पुसायचं आणि वजन लिहायचं काम मिळेल. आईची परवानगी घेऊन या, आणि शक्य असेल तर आईलाही घेऊन या. तिने तो पिंजरा हाताने हलवून बघावा.



गणपती बाप्पा मोरया!