दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



बी विंगमधला एक फ्लॅट माझ्या भाच्याच्या नावावर आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. तो सोळा वर्षांचा आहे, आई-वडील नाहीत, आणि कोर्टाने पालक म्हणून मला, म्हणजे त्याच्या मावशीला नेमलं आहे. पुनर्विकासाचं बोलणं सुरू झाल्यापासून ‘‘ताई, तुमची सही कधी?’’ असं लिफ्टमध्येसुद्धा विचारतात. त्याचं उत्तर आज सगळ्यांना एकदमच देते.

गावाकडच्या सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. अज्ञान पालन कर्ता. तीच मी. फरक इतकाच, की मला 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टाने नेमलंय, त्यामुळे कोर्टाला हिशेब द्यावा लागतो. कोर्टाने सांगितलं की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी दाखल करायची. फ्लॅट, एफडी, आईचे दागिने, कुणाकडून येणं, कुणाचं देणं, सगळं. माझ्या बहिणीच्या बांगड्यांचं वजन सराफाकडून लिहून आणताना हात जड झाला होता, पण ते लिहिल्याशिवाय यादी पुरी होत नाही.

त्यानंतर दरवर्षी जमाखर्च. त्याचं बँक खातं वेगळं, त्यातला रुपया माझ्या खात्यात येत नाही. फ्लॅटचं भाडं त्यातच जमा, सोसायटीचा मेंटेनन्स, कॉलेजची फी, क्लास, चष्मा त्यातूनच, शक्यतो चेकने. त्याच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा खर्च त्याच्याच उत्पन्नातून करता येतो. तरी तो आमच्या घरी जेवतो ते मी हिशेबात धरत नाही, हा माझा हट्ट. त्याचं पॅन वेगळं आहे आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न त्याच्या वतीने मीच भरते. आपल्या ऑफिसातून दर महिन्याची पावती न मागता मिळते, त्याबद्दल खरंच आभार. त्या पावत्यांनी माझी अर्धी फाइल भरली आहे.

यादी किंवा हिशेब वेळेत दिला नाही तर दंड किती, माहितीये? आधी 100 रुपयांपर्यंत, मग रोज 10 रुपयांपर्यंत, आणि ही रोजची भर एकूण 500 च्या वर नाही. ऐकून हसू येतं. पण पालकाला काढून टाकण्याचा अधिकार कोर्टाला आहे, आणि जामीनपत्र लिहून दिलेलं असेल तर त्यावरून वसुलीही होते. मला दंडापेक्षा नातेवाइकांची भीती जास्त. एकदा घरातल्याच कुणीतरी ‘‘मुलाचे पैसे जातात कुठे?’’ असं चार लोकांत विचारलं. मी वाद घातला नाही, कोर्टात दाखल केलेल्या हिशेबाच्या प्रती समोर ठेवल्या. पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता सहीबद्दल. कोर्टाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मालमत्ता मला विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता किंवा अदलाबदल करता येत नाही. पाच वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही नाही. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला अडचण येत नाही, म्हणून भाडेकरू ठेवता येतो. पण जुना फ्लॅट देऊन नवा घेणं ही अदलाबदलच झाली, असं आमच्या वकिलांचं मत आहे, आणि मलाही ते पटतं. परवानगीविना केलेला व्यवहार मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत कोर्टात जाऊन रद्द करून मागू शकतो. इमारत उभी राहिल्यावर असा दावा आला तर त्रास माझा एकटीचा नसेल.

आणि ज्यांनी हौसेने लहान मुलांच्या नावे फ्लॅट घेतलेत, त्यांनीही ऐका. हिंदूंसाठी 1956 च्या कायद्याने ही परवानगी सख्ख्या आई-बापालाही लागते.

परवानगी देताना कोर्ट पाहतं की मुलाची गरज किंवा उघड फायदा आहे का. त्यासाठी मला करारनाम्याचा मसुदा, नव्या फ्लॅटचं क्षेत्रफळ, पर्यायी जागेचं भाडं आणि कॉर्पसचा आकडा लागेल. कॉर्पसही मुलाचाच, हे लक्षात असू द्या. दोन वर्षांनी तो अठराचा झाला की सगळी मालमत्ता आणि हिशेब मी त्याच्या हातात देणार. पूर्वी कोर्टाने पालक नेमलेल्या मुलाला 21 पर्यंत थांबावं लागे, ते 1999 मध्ये बदललं.

अर्जाचा मसुदा वकिलांकडे तयार आहे. कमिटीने करारनाम्याची प्रत सगळ्यांच्या सह्यांच्या आधी, निदान काही महिने अगोदर द्यावी. ती हातात आली की आठवड्यात मी अर्ज दाखल करते.